सरासरी छान, तरी दोन गाड्या एकमेकींना बहिऱ्या

गाड्यांच्या आपसातल्या बिनतारी संवादावर मी प्रबंध करत होते. पहिले दोन महिने माझं लक्ष एकाच आकड्यावर होतं: पाठवलेले किती संदेश आसपासच्या गाड्यांपर्यंत पोहोचले? सिम्युलेशनमध्ये सरासरी उत्तम येत होती. एकदा लॉगमधून दोनच गाड्यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या, तर एकमेकींचे सलग १३ संदेश त्यांना मिळालेच नव्हते. सेकंदाला १० संदेश धरले तर हा १.३ सेकंदांचा अंधार. दोघींमधलं अंतर ताशी १०० किमी वेगाने घटत असेल, तर तेवढ्यात ३६ मीटर संपतात.

कारण शोधायला आठवडा गेला, पण खरा विषय मला तिथे कळला. मोबाइल नेटवर्कच्या ३जीपीपी मानकाच्या २०१७ च्या रिलीज १४ मध्ये गाड्यांच्या थेट संवादासाठी मोड ४ नावाची पद्धत आहे. त्यात जागा, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेवर बोलायचं, हे वाटून देणारं बेस स्टेशन (मोबाइल टॉवर) नसतं. प्रत्येक गाडी मागच्या एका सेकंदात चॅनलवर काय चाललं होतं ते ऐकते, गर्दीच्या जागा वगळते, उरलेल्यांतून एक उचलते आणि पुढचे ५ ते १५ संदेश तीच धरून ठेवते. मुदत संपल्यावरही तीच जागा पुढे चालू ठेवण्याची मुभा असते. माझ्या दोन गाड्यांचे सबचॅनल (वारंवारतेचे पट्टे) वेगळे होते, सबफ्रेम (वेळेचा तुकडा) मात्र एकच. रेडिओ हाफ-डुप्लेक्स, म्हणजे बोलताना ऐकू येत नाही. बाकी सगळ्यांना दोघी नीट ऐकू येत होत्या, म्हणून सरासरी हलली नाही.

तेव्हा नव्याने येणाऱ्यांनो, सरासरीसोबत प्रत्येक जोडीतली सलग हुकलेल्या संदेशांची सर्वांत लांब साखळी मोजाच. सुमो (वाहतुकीचं सिम्युलेशन) आणि एनएस-३ (नेटवर्कचं सिम्युलेशन) शिकावं लागेलच, ते जमतं. त्याआधी कागदावर आडवा वेळ, उभी वारंवारता अशी चौकट आखा आणि चार गाड्या हाताने बसवा. संभाव्यताशास्त्र पक्कं करा; मशीन लर्निंगची घाई नको.

माझी आणखी एक चूक: प्रत्येक संदेश बरोबर १०० मिलिसेकंदांनी निघतो असं मी गृहीत धरलं. युरोपीय मानकात गाडी ४ मीटर सरकली, दिशा ४ अंशांनी बदलली किंवा वेगात सेकंदाला ०.५ मीटरचा फरक पडला, की नवा संदेश निघतो. त्यामुळे वळणावर मधलं अंतर बदलतं आणि राखून ठेवलेली जागा कधी रिकामी जाते, कधी वेळेवर हाताशी नसते. हे कळल्यावर मला चौकातले सगळे प्रयोग पुन्हा चालवावे लागले.