दूषित रक्ताची भरपाई: ह्यांचे कागद मी कसे जमवले

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये लेस्टरला ह्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. त्या रक्तातून हेपटायटिस सी, म्हणजे लिव्हर खराब करणाऱ्या विषाणूची लागण झाल्याचं २००३ मध्ये कळलं आणि २००९ मध्ये लिव्हरच्या कॅन्सरने हे गेले. हॉस्पिटलकडे फाईलच उरली नव्हती, म्हणून जुन्या मदतनिधीने आमचा अर्ज नाकारला. तुम्हालाही तेव्हा असा नकार आला असेल, तर तो शेवटचा समजू नका. मे २०२४ मध्ये रुग्णांना दूषित रक्त दिल्याच्या प्रकरणावरचा सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि आता भरपाईसाठी इन्फेक्टेड ब्लड कॉम्पेन्सेशन ऑथॉरिटी ही वेगळी संस्था आहे.

पुरावे जमेपर्यंत थांबू नका, आधी तिथे नाव नोंदवा.

घरातलं माणूस गेलं असेल तर अर्ज दोन असतात, हे मला फार उशिरा उमगलं. एक त्या माणसाच्या इस्टेटचा, म्हणजे त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या वतीने. दुसरा आपला स्वतःचा, कारण नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं यांनीही सोसलेलं असतं. इस्टेटच्या वतीने अर्ज करायला कायदेशीर अधिकारपत्र लागतं: मृत्युपत्र असल्यास प्रोबेट, नसल्यास लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन. ह्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हे काम सगळ्यात आधी लावा, त्यात दिवस जातात.

रक्त चढवल्याचा हॉस्पिटलचा कागद नसेल तर जीपीकडच्या (आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडच्या) नोंदी मागवा, स्पेशालिस्टची पत्रं आणि मृत्यूचा दाखला काढा. रक्त कधी दिलं ती तारीख महत्त्वाची, कारण दात्यांच्या रक्ताची हेपटायटिस सीसाठी तपासणी ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झाली. मग घरातले डबे, ट्रंका उघडा. मी आईला साताऱ्याला लिहिलेलं एअरोग्राम वहिनीने जपून ठेवलं होतं. त्यात माझ्याच अक्षरात होतं: 'काल ह्यांना तीन बाटल्या रक्त दिलं, आज चेहऱ्यावर रंग आलाय.' ते वाचून मी कितीतरी वेळ जिन्यातच बसले होते. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर अधिकृत अनुवादकाकडूनच करून घ्या.

आपल्याकडची एक अडचण इथल्या लोकांना ठाऊक नसते. लग्नात माझं नाव बदललं. जन्मदाखल्यावर कुसुम, पासपोर्टवर मीनाक्षी. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद आधीच काढून ठेवा.

नो विन नो फी (जिंकलो तरच फी) म्हणणाऱ्या वकिलाला लगेच सही देऊ नका. ऑथॉरिटीमार्फत कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. भरपाईवर इन्कम टॅक्स नाही आणि तिच्यामुळे बेनिफिट्सही (सरकारी भत्ते) कापले जात नाहीत.

ऑथॉरिटीत आपला अर्ज हाताळणाऱ्या क्लेम मॅनेजरशी बोलायच्या दिवशी मुलीला, बहिणीला, कुणाला तरी जवळ बसवा. आजारपणात कुणी काय केलं, नोकरी कधी सुटली, हे वर्षावार आधीच लिहून काढा. रात्री कोण उठायचं, चादरी कोण बदलायचं, तेही लिहा. ती सेवा मी इतकी वर्षं कुठेच मांडली नव्हती.