टीव्हीवरचा पाऊस आणि डोक्यावरचा ढग: सोलापुरात रडारचं चित्र कसं वाचायचं

बातम्यांत ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ असं सांगतात, त्यात सोलापूर जिल्हा येतो. शेजारचा धाराशिव मात्र मराठवाड्यात मोजतात, म्हणून सीमेलगतच्या बार्शीकरांनी दोन्ही विभागांचा अंदाज ऐकावा. ‘तुरळक’ म्हणजे विभागातल्या फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस. ‘मुसळधार’ म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा अधिक, आणि हे 24 तास सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात.

हा अंदाज दिवसाचा. शेडमध्ये बेदाणा वाळत असताना ताडपत्री आत्ता सोडायची का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी रडार बघावं. टीव्हीवर मागे दिसणारे पांढरे ढग बहुधा उपग्रहाचे असतात. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, खाली थेंब पडतोय का ते दिसत नाही.

रडार सूक्ष्मलहरींचा छोटा ठोका सोडतं आणि थेंबांवरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतं. ठोका 1 मिलिसेकंदात परतला तर ढग 150 किलोमीटरवर. कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) सोलापुरात बसवलेलं रडार सी-बँडचं, म्हणजे साधारण 5 सेंटिमीटर तरंगलांबीचं. प्रतिध्वनीचा जोर डीबीझेडमध्ये मोजतात. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की प्रतिध्वनी 64 पट होतो, त्यामुळे थोड्या गाराही चित्र लाल करून टाकतात. ढोबळ हिशेब असा: 23 डीबीझेडला तासाला 1 मिलिमीटर, 40 ला 11-12, 50 ला 50 च्या आसपास. त्याच्या वर गारांची शंका धरावी.

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर रडारचं चित्र उघडलं की आधी वेळ बघा. ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर साडेपाच तास मिळवा. हे विसरलं की ताजा ढग शिळा वाटतो, आणि ही चूक सर्रास होते. मग सुमारे 20 मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं घ्या आणि लाल गाभा किती सरकला ते पट्टीने मोजा. 10 किलोमीटर सरकला तर वेग तासाला 30. मोहोळवरून सोलापूरकडे येत असेल तर हातात तासभर आहे. त्यापुढचा हिशेब करू नका. उन्हाळी वादळाचा एकटा ढग अर्ध्या-एक तासात जन्मतो आणि विरतोही, नवा ढग भलतीकडेच उठतो.

‘मॅक्स झेड’ चित्रावर एकट्यावर विसंबू नये. त्यात त्या जागी कोणत्याही उंचीवरचा सर्वांत मोठा आकडा दाखवतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपल्याकडे वर पाऊस असतो, पण थेंब वाटेतच वाळतात. कडेच्या पट्ट्यांत ढगाची उंची दिसते. सर्वांत खालच्या कोनाचं पीपीआय चित्र, म्हणजे रडारने एकाच कोनात गोल फिरून घेतलेलं चित्र, जोडीला ठेवा.

रडार किती दूर आहे हेही महत्त्वाचं. पृथ्वी गोल असल्याने अर्ध्या अंशावर सोडलेला किरण 100 किलोमीटरवर जमिनीपासून दीड किलोमीटर वर असतो, 200 वर चार. हैदराबाद सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे 270 किलोमीटर, म्हणजे तिथला किरण आपल्यावरून साडेसहा किलोमीटर उंचीने जातो. त्याला उंच वादळच दिसणार, बुटका पावसाळी ढग नाही. उलट, रडारच्या अगदी डोक्यावरचा ढगही त्याला दिसत नाही.

सी-बँडची आणखी एक अडचण: दाट पाऊस किरण शोषतो, आणि त्याच्या मागचा पाऊस फिका दिसतो किंवा गायब होतो. पंढरपूरच्या बाजूला लाल पट्टा असेल तर त्यापलीकडची मोकळी जागा खरंच मोकळी आहे असं समजू नका. जागचा हलत नाही असा ठिपका मात्र बहुतेकदा जमिनीवरून परतलेला प्रतिध्वनी असतो.

40 च्या वरचा गाभा तुमच्या रोखाने येत असेल आणि तासाभराच्या आत असेल, तर आधी वाऱ्याच्या बाजूची ताडपत्री सोडा, मग बाकीच्या बाजू. वाऱ्याचा पहिला झोत पावसाच्या आधी येतो, आणि भिजलेला बेदाणा काळा पडतो.