लघुकथा वाचताना: निवेदक, कथानक आणि आणखी काही संज्ञा

लघुकथा पहिल्यांदा वाचताना कोणतीही संज्ञा मनात आणू नये. ती सलग, शक्यतो एकाच बैठकीत वाचावी. अमेरिकी कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्ये लिहिलेल्या एका परीक्षणात कथेच्या एकसंध परिणामाचा संबंध अशा एका बैठकीतल्या वाचनाशीच जोडला होता. संज्ञांचे काम दुसऱ्या वाचनात सुरू होते.

त्या वेळी सर्वप्रथम निवेदक शोधावा, कारण माझ्या मते बाकीचे बरेच काही त्याच्यावर अवलंबून असते. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. कथा सांगण्यासाठी लेखकाने घडवलेला तो आवाज असतो. ‘वडिलांनी दार उघडले, पण मला आत ये म्हणाले नाहीत’ असे मुलगा सांगत असेल, तर निवेदन प्रथमपुरुषी आहे. वडिलांच्या मनात काय चालले होते हे त्याला दिसत नाही आणि त्याने लावलेला अर्थ चुकीचाही असू शकतो. हाच प्रसंग ‘त्यांनी दार उघडले, मुलाला आत बोलवायचे शब्द ओठांवर आले, पण फुटले नाहीत’ असा लिहिला, की निवेदन तृतीयपुरुषी होते, निवेदक वडिलांच्या मनात शिरतो आणि आपली सहानुभूतीही मुलाकडून वडिलांकडे सरकते.

यानंतर कथानक पाहावे. मुलगा घर सोडून गेला आणि दहा वर्षांनी परतला, हा घटनांचा नुसता क्रम झाला. वडिलांच्या एका शब्दावरून तो गेला आणि तो शब्द मागे घेतला जाईल या आशेने परतला, असा कार्यकारणभाव आला की त्याचे कथानक होते. त्या आशेला वडिलांचा अबोला आडवा येतो, तिथे संघर्ष उभा राहतो. पात्रचित्रणासाठी विशेषणे लागतातच असे नाही. वडिलांचा हात कडीवरच राहिला, एवढ्यानेही स्वभाव कळतो.

प्रतीक ही संज्ञा मात्र जपून वापरावी. दार एकदाच आले तर ते दारच असते. निर्णायक क्षणी ते पुन्हा पुन्हा येऊ लागले, तरच त्यामागे अधिक अर्थ शोधावा.

आशयसूत्र शेवटी मांडावे. ‘बाप आणि मुलगा’ हा विषय आहे. ‘क्षमा मागायला फार उशीर झाला की ती मागण्याचे शब्दही सापडत नाहीत’ हे आशयसूत्र आहे. ते पूर्ण वाक्यात लिहून त्याला कथेतल्या कोणत्या ओळींचा आधार आहे हे तपासावे, आणि आधार सापडला नाही तर वाक्य खोडून कथा पुन्हा वाचावी.