कालव्यात बोट बुडाली तर : विम्याच्या दाव्यात आणि बोट वर काढताना या चुका टाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर हजारो माणसे नॅरोबोटीत, म्हणजे जेमतेम सात फूट रुंदीच्या पोलादी बोटीत, घर करून राहतात. कालव्याचे पाणी सहसा मीटर-दीड मीटरच खोल असल्यामुळे बुडालेली बोट दिसेनाशी होत नाही. ती तळाला टेकते, छप्पर पाण्यावर राहते आणि काठावरच्या मालकाला वाटते की एक पंप मिळाला तर संध्याकाळपर्यंत घर पुन्हा तरंगेल. या घाईतच विम्याचा दावा बिघडतो, कारण विमा कंपनीला सगळ्यात आधी हे जाणून घ्यायचे असते की पाणी आत शिरले कुठून. त्याचे उत्तर त्या वेळी पाण्याखाली जसेच्या तसे पडलेले असते.

आधी जिवाची काळजी. काठावरून २३० व्होल्टची केबल जोडलेली असेल तर वीज काठावरूनच बंद झाल्याखेरीज कोणीही पाण्यात पाय घालू नये. कालव्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो. मुंबईकर पावसाळ्यात ज्या लेप्टोला घाबरतात, तोच हा आजार. कालव्याचा कारभार पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टला लगेच कळवावे, आणि पाण्यावर डिझेलचा तवंग दिसत असेल तर प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीलाही.

पुराव्याची सर्वांत वाईट हानी बहुधा मालकाच्याच हातून, आणि तीही चांगल्या हेतूने होते. वीड हॅचचे उदाहरण घ्या. बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी किंवा दोर काढता यावा म्हणून पंख्याच्या बरोबर वर एक उभी पेटी असते आणि तिचे झाकण स्क्रूने आवळलेले असते. ते नीट बसले नाही तर इंजिन सुरू करताच पंखा पाणी थेट इंजिनाच्या खोलीत फेकू लागतो. बुडालेल्या बोटीत हात घालून चाचपडताना झाकण सैल लागले की माणूस नकळत ते आवळून टाकतो. मग सर्व्हेयर येतो तेव्हा हॅच घट्ट बंद, पत्रा शाबूत, आणि बुडण्याचे कारणच सापडत नाही. म्हणून झाकणे, व्हॉल्व्ह, पाइप जसे असतील तसे ठेवावेत, पाण्याची पातळी आणि बोटीचा कल दिसेल असे फोटो काढावेत आणि दोर किती ताणलेले होते तेही टिपून ठेवावे. लॉकमधून, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटीला वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कुंडातून, खाली उतरताना वरच्या दरवाज्याखालच्या सिलवर, म्हणजे त्या काँक्रीटच्या किंवा दगडी पायरीवर, बोटीचा मागचा भाग अडकला असेल, तर बोटीच्या तळावरचे ताजे ओरखडे हाच अपघाताचा पुरावा असतो.

दुसरी चूक फोनवर होते. 'तळ गंजला असेल' किंवा 'स्टर्न ग्लँड (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जोडणी) कधीपासून ठिबकत होता' असे मालक हळहळत बोलून जातो आणि ते नोंदवले जाते. १९०६ च्या मरीन इन्शुरन्स अॅक्टच्या कलम ५५ नुसार पॉलिसीत वेगळे लिहिलेले नसेल तर नेहमीची झीज आणि नेहमीची गळती यांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नसते. नव्या नॅरोबोटीचा तळ बहुधा १० मिलिमीटर, बाजू ६ आणि केबिन ४ मिलिमीटर पत्र्याची असते. तळ किंवा बाजू कुठे ४ मिलिमीटरच्या खाली उतरल्या की सर्व्हेयर आणि विमा कंपन्या बारकाईने पाहू लागतात. खोटे बोलावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. जे पाहिले तेवढेच सांगावे आणि कारण ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असेच म्हणावे. विम्याच्या प्रस्तावाच्या अर्जात 'सुट्टीपुरता वापर' लिहून प्रत्यक्षात बारमाही बोटीत राहणे मात्र फार महागात पडते, कारण २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे चुकीची माहिती न देण्याची वाजवी काळजी घेणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे.

बोटीच्या लायसन्ससाठी थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तेवढ्यावर आपल्या बोटीचे पैसे मिळतील हा समज चुकीचा आहे. बुडालेली बोट हटवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे पॉलिसी काढून त्याच दिवशी वाचावे. १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज अॅक्टच्या कलम ८ नुसार ट्रस्ट किमान २८ दिवसांची नोटीस देऊन बुडालेली बोट हटवू शकतो आणि तो खर्च मालकाकडून वसूल करू शकतो. 'कंपनी बघून घेईल' म्हणून गप्प बसणेही चालत नाही. नुकसान वाढू नये यासाठी वाजवी प्रयत्न करणे १९०६ च्या कायद्याने विमाधारकावर सोपवले आहे. दोर सुरक्षित करणे, तेल पसरू न देणे ही कामे लगेच करावीत. बोट वर काढण्याचे कंत्राट मात्र कंपनीची लेखी संमती आल्यावरच द्यावे.

मदतीला धावलेला कोणी 'वाचवलेल्या मालात माझा वाटा' असे सांगू लागला तर घाबरून सही करू नये. समुद्रावर सॅल्व्हेजचे, म्हणजे संकटातली बोट वाचवल्याचे, बक्षीस मागता येते, कालव्यावर येत नाही. १९८४ मध्ये थेम्स नदीवर रेडिंगजवळ 'गोरिंग' नावाची प्रवासी बोट दोर सुटून वाहत चालली होती आणि एका क्लबच्या सदस्यांनी ती सुरक्षित आणून बक्षीस मागितले. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की भरती-ओहोटी न पोहोचणाऱ्या अंतर्गत पाण्यावर असा हक्क नाही. इथे फक्त करार चालतो. तो दिवसाच्या दराने आहे की ठरावीक रकमेचा, आणि बोट वर आलीच नाही तर काय, हे लिहून घ्यावे.

बोट वर काढण्याची घाई इंजिनालाही मारक ठरते. पाण्याखाली गंज हळू चढतो. हवा लागताच तो झपाट्याने वाढतो. इंजिन धुणारा आणि त्यातले तेल बदलणारा माणूस त्याच दिवशी हजर असेल तेव्हाच बोट उचलावी. दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीच्या पुढे जाईलसे वाटले तरी कंपनीशी हिशेब पुरा होईपर्यंत तिचा सांगाडा भंगारात विकू नये.

दावा नाकारला गेला तर लेखी तक्रार करावी. कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात, आणि ते उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि वित्तीय कंपन्यांमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येते. तोपर्यंत तुटलेला पाइप, सैल झालेला ग्लँड, कापून काढलेल्या पत्र्याचा तुकडा तारखेची चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.