मेथीदाण्याचा लेप: भिजवणं, वाटणं आणि मुख्य म्हणजे गाळणं

केसांना लावायची मेथी घेताना आधी एवढंच बघायचं: ही खायची आहे की पेरायची? नाशिकच्या आसपास मेथीची भाजी भरपूर पिकते, त्यामुळे मळा असलेल्या घरात उरलेलं बियाणं हाताशी असतं. ते डोक्याला लावू नका. पेरणीच्या बियाण्याला पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. कधी त्याला गुलाबी-निळसर रंग असतो, कधी तो इतका फिका की लक्षातही येत नाही. रविवार कारंजाच्या बाजारात किंवा गल्लीतल्या किराणा दुकानात मिळणारी, लोणच्याला आणि लाडवाला वापरतात तीच मेथी घ्यायची. तयार पावडर टाळा. तिच्यातली बारीक साल फडक्यातूनही निसटते आणि केसांत बसते.

मेथीचं काम करतो तो तिचा बुळबुळीत चीक. दाण्याच्या सालीखाली गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंकासारखा घटक असतो. तो पाणी पिऊन फुगतो आणि केसावर पातळ थर धरतो. त्यामुळे केस मऊ होतात, गुंता पटकन सुटतो, विंचरताना तुटणं कमी होतं. कोरड्या टाळूलाही बरं वाटतं. नवीन केस उगवतील ही आशा मात्र मेथीकडून धरू नये.

खांद्यापर्यंतच्या केसांना दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 20 ते 25 ग्रॅम दाणे पुरतात. दोनदा धुऊन एक कप पिण्याच्या पाण्यात रात्रभर, 8 ते 10 तास भिजवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा येतो तेव्हा कोमट पाणी घ्या आणि 12 तास द्या. दाणा दोन बोटांत दाबल्यावर सहज चिरडला पाहिजे. आत कडक कणी लागली तर वाटण रवाळ होतं. उन्हाळ्यात उलट गत: भांडं ओट्यावर फार वेळ राहिलं की फेस येतो, आंबट वास सुटतो. असं पाणी टाकून द्या.

भिजवलेलं पाणी फेकू नका, चीक त्यातही असतो. त्याच पाण्यासकट मिक्सरमध्ये थांबून थांबून वाटा. भांडं गरम होऊ लागलं तर थांबा. वाटण इतकं घट्ट होतं की पातं नुसतं जागीच फिरतं, तेव्हा पाव-पाव कप पाणी घालत जा.

आता गाळणं. बहुतेक जण इथेच कंटाळा करतात आणि मग केसांतून पिवळे कण वेचत बसतात. चहाची गाळणी चालत नाही. जुन्या धुतलेल्या मलमलच्या फडक्यात वाटण घालून पुरचुंडी बांधा आणि पिळा. पिळूनही उतरत नसेल तर आणखी अर्धा कप कोमट पाणी मिसळून पुन्हा पिळा. हाताला तारेसारखा ओघळणारा, कणविरहित चीक मिळाला की झालं. चोथा कुंडीच्या मातीत मिसळा. मोरीत टाकला तर जाळी तुंबते.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून 24 तास बघा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी मेथी लावूच नये: दोन्ही एकाच कुळातल्या आहेत आणि एकीची ॲलर्जी दुसरीलाही उमटू शकते.

केस किंचित ओले करा, गुंता सोडवा, भांग पाडत टाळूला थोडा आणि उरलेला लांबीला, टोकांपर्यंत लावा. 20 ते 30 मिनिटं पुरेत. रात्रभर ठेवण्यात काहीच फायदा नाही. वाळला की तो कडक पापुद्रा होतो आणि ओढून काढताना केस तुटतात. नाशिकच्या कोरड्या हवेत तो लवकर वाळतो, म्हणून वर ओलसर पंचा गुंडाळा. वाळलाच तर आधी कोमट पाण्याने भिजू द्या, मगच बोटं फिरवा. धुताना भरपूर पाणी लागतं. शेवटी अगदी थोडा शॅम्पू, नाहीतर केस चिपचिपीत राहतात. वास दुसऱ्या धुण्यापर्यंत रेंगाळतो, तेवढं सोसावं लागतं. आठवड्यातून एकदा पुष्कळ. थंडीत पंधरा दिवसांनी.

बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. साबणाने केस धुतले तर त्या पाण्यात टाळूवर पांढरट थर राहतो, त्यालाच कोंडा समजलं जातं. तो मेथीने जात नाही; साबण सोडून शॅम्पू वापरला की कमी होतो.

खरा कोंडा असेल, म्हणजे तेलकट पिवळसर खपल्या आणि खाज, तर त्यामागे मॅलेसेझिया ही बुरशी असते. ती तेलावरच पोसते. अशा टाळूला मेथीचं तेल चोळलं तर त्रास वाढतो. तिथे केटोकोनॅझोलचा शॅम्पू लागतो, डॉक्टरांना विचारून. गोल चट्टे पडून केस जात असतील, टाळूवर पू किंवा जखमा असतील, किंवा मूठ-मूठ केस गळत असतील तर लेप बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.

उरलेला चीक झाकण लावून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. लावण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.