बायोडेटात घरचं काम लिहा

आपल्या कोकणातली मुलं नोकरीच्या बायोडेटात 'अनुभव : नाही' असं लिहून मोकळी होतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. एप्रिल-मे पहाटेपासून आंब्याच्या बागेत राबलेल्या मुलाला अनुभव नाही कसा? फक्त 'घरच्या बागेत मदत' असं लिहू नका. 'दोन हंगाम हापूसची प्रतवारी केली, पेट्या भरल्या, मुंबईच्या गिऱ्हाइकांचा हिशेब ठेवला. हंगामाला साधारण ३०० पेट्या' असं लिहा. आकडा खराच हवा, मुलाखतीत त्यावरच विचारतात. तारकर्लीकडे घरचा होमस्टे असेल तर बुकिंग घेणं, पाहुण्यांशी हिंदीतून बोलणं हेही कामच आहे.

लोटे-परशुरामच्या केमिकल कंपनीत अर्ज करताना मात्र बागेची एक ओळ पुरे. तिथे बीएस्सीची प्रॅक्टिकल्स, टायट्रेशन, हाताळलेली उपकरणं वर घ्या. एकूण एक पान. जात, उंची, वडिलांचा व्यवसाय हे लग्नाच्या बायोडेटातलं, इथे नको.

पावसात गावातली रेंज जाते, म्हणून दुसऱ्या नेटवर्कवरचा एखादा पर्यायी नंबर जरूर द्या. फाईल पीडीएफमध्ये पाठवा आणि तिला स्वतःचं नाव द्या.