काल्पनिक राष्ट्र रचताना आधी खजिना पाहावा

कथेसाठी काल्पनिक राष्ट्र रचताना अनेक जण ध्वज आणि राजघराण्यापासून सुरुवात करतात. त्याऐवजी राज्याचा महसूल कोठून येतो हे आधी ठरवावे, कारण सत्ता कोणाच्या हाती राहील हे बहुधा त्यावरच ठरते. प्रशांत महासागरातला सुमारे २१ चौरस किलोमीटरचा नाउरू हा बेटवजा देश १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, फॉस्फेटच्या निर्यातीवर श्रीमंत झाला आणि साठे संपत आल्यावर हलाखीत सापडला. एकाच खनिजावर देश उभारायचा असेल, तर ही घसरण कथानकात धरावी.

मग एखादा व्यवहार बारकाईने लिहून पाहावा: घाटातल्या नाक्यावर मिठाची गोणी अडवली, तर जकात नाण्यांत घेतात की धान्यात, पावती मिळते का, आणि तक्रार कोणाकडे करायची? एवढ्यातून निम्मे प्रशासन आपोआप उभे राहते. मंत्रिमंडळ त्यानंतर नेमावे. अष्टप्रधानांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश वगळता इतरांना प्रसंगी लष्करी कामगिरीही करावी लागे. अधिकारांची अशी सरमिसळ कथेला उपकारकच ठरते.

समाजासाठी वारसाहक्क, विवाह आणि दरबाराची भाषा एवढे प्रथम पुरे. सणांची यादी (ती करण्याचा मोह अनावर असतो) मागाहून करावी.